भेवकाकूंच्या चार खोल्या

भेवकाकूंना सगळ्याच गोष्टींची भीती वाटायची. बंद दाराची वाटायची आणि उघड्या दाराचीही. विहिरीच्या काठावर कलती ठेवलेली बादली, चुलीजवळ वाळत घातलेलं धोतर, पहिल्याच भेटीत फार गोड बोलणारा माणूस, यांतलं काहीही दिसलं की त्या छातीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मले भेव लागते बाप्पा." भीतीला आमच्याकडे भेव म्हणतात. दिवसातून इतक्या वेळा तो शब्द त्यांच्या तोंडी यायचा, की बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि त्या सगळ्यांच्याच भेवकाकू झाल्या. त्यांना ते ठाऊक होतं. राग नव्हता.

तरुणपणीच त्यांचे यजमान गेले. मागे राहिली एक मुलगी आणि चार खोल्यांची एक रांग. मुलगी पुढे कटंगीला दिली, आणि खोल्या भाड्यानं देऊन काकू जगल्या. समोरच्या बाजूला त्यांची स्वतःची खोली, मग अंगण, विहीर आणि त्यापलीकडे ही रांग. वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. भिंती मात्र छपरापर्यंत पोचलेल्या नव्हत्या, वर हातभर मोकळी जागा होती. त्यामुळे एकीकडे फोडणी पडली की चारही खोल्यांत ठसका लागायचा. पहिल्या खोलीत बसचे एक कंडक्टर आणि त्यांची म्हातारी आई, दुसरीत मेश्राम कंपाउंडरांचं कुटुंब, तिसरीत आम्ही. मेश्रामांना खोली दिली म्हणून मोहल्ल्यातल्या काही बायका काकूंच्या हातचं पाणी पिणं टाळायच्या. काकू म्हणायच्या, "जातीचं मले भेव लागत नाही. दारू पिऊन चूल पेटवनाऱ्याचं लागते."

आम्हाला ती खोली सहज मिळाली नाही. माझे यजमान शाळामास्तर. कटंगीहून त्यांची बदली झाली आणि आम्ही खोली पाहायला आलो, तेव्हा काकूंनी नुसतं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज नाही. चार दिवसांनी या." पुढे कळलं की मधल्या दिवसांत त्या बसनं कटंगीला जाऊन आल्या होत्या. लेकीला भेटायला गेल्या खऱ्या, पण आमच्या जुन्या घरमालकिणीच्या ओसरीवरही बसून आल्या. मास्तर बायकोवर ओरडतात का, निघताना खोली झाडून दिली का, शेजारणीशी बोलणं होतं का, सगळं विचारलं. यजमान हसले. "आमची अशी चौकशी तर लग्नाच्या वेळीही झाली नव्हती," म्हणाले. काकू गंभीरपणे म्हणाल्या, "लग्नात पोरगी जाते मास्तर. इथं तं मानूस घरात येते."

खोली दाखवायच्या त्याही भर दुपारी. उजेड असला की घर लपत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि दाखवताना घराचे दोष आधी. हा कोपरा आषाढात गळतो. या उंबऱ्याखाली एकदा विंचू निघाला होता. विहिरीचं पाणी वैशाखात खाली जातं. मी एकदा विचारलं, काकू, असं सांगितलं तर कोण घेईल खोली? "ज्याले घ्याची तो घेईन," त्या म्हणाल्या. "आपन लपवलं आन् मंग त्याले दिसलं, तं तो माह्यापासून काय लपवीन याचं मले भेव लागते."

रोज सकाळी सडा टाकून झाला की त्या प्रत्येक दारापुढून हाक मारत जायच्या. "मास्तरीनबाई, उठल्या का?" आतून "हौ" ऐकल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत. सुरुवातीला मला ते जाचाचं वाटे. मग मेश्रामांच्या बायकोनं कारण सांगितलं. फार पूर्वी एक एकटा माणूस भाड्यानं राहायचा. तापानं आतल्या आत गेला, आणि दार बंद म्हणून कोणाला कळलंच नाही. कडी तोडली ती काकूंनी. त्या दिवसापासून ही हाक.

इतकी चौकशी करणारी बाई, पण भाडेकरूच्या खोलीत मात्र कधी पाऊल टाकायची नाही. माझी मुलगी आजारी असताना काढा घेऊन आल्या, तोही उंबऱ्याबाहेर उभं राहून दिला. मी आत बोलावलं तर म्हणाल्या, "खोली दिली म्हंजे तुमची झाली. न बोलावता आली तं चोरी, आन् रोज बोलावलं तं सवय." कोणी गळतं म्हणून सांगितलं की संध्याकाळच्या आत माणूस शिडी घेऊन हजर. "सांगूनही आईकलं नाही, तं भाडेकरू सांगनं सोडून देते. सांगनं बंद झालं का मंग मले झोप येत नाही."

चौथी खोली त्यांनी चौकशी न करता, दुसऱ्याच्या शब्दावर दिली, ती एकदाच. त्या वर्षी मलाजखंडकडे तांबं निघणार म्हणून सगळीकडे बोललं जात होतं. त्या बाजूचे रस्ते रुंद करायचं, घाटातले दगड फोडायचं काम निघालं होतं. गावात जीपगाड्या वाढल्या, नवे चेहरे दिसू लागले. काकूंचे जावई कटंगीहून आले ते एका माणसाला बरोबर घेऊनच. कुठल्याशा ठेकेदाराचा मुनीम. पांढरं धोतर, तेल लावलेले केस, बोलणं मऊ. काकूंना "माताजी" म्हणाला आणि वाकून पाया पडला. काकू म्हणाल्या, चार दिवसांनी या. जावई तिथंच चिडले. "माझ्या शब्दावर भरवसा नाही का?" लेकीच्या घरचा माणूस. काकूंनी किल्ली दिली. देताना हात जरा मागे ओढल्यासारखा झाला, तो मी पाहिला.

मुनीम कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता. स्वयंपाक करायचा नाही, खोलीत फारसा राहायचाही नाही. अधूनमधून जीप यायची, काही खोकी उतरायची, काही जायची, दाराला मोठं कुलूप लागायचं. सकाळी काकू त्याच्या दारापुढे उभ्या राहून हाक मारायच्या आणि कुलपाकडे पाहत परत फिरायच्या. "आतून हौ येत नाही मास्तरीनबाई. बंद खोलीले काय इचारू?"

होळी झाली आणि माझं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे, कानशिलं ठणकायची. बाहेर अंगणात बसलं की कमी व्हायचं, घरात आलं की पुन्हा. मुलगी रात्रंदिवस किरकिर करायची. कंपाउंडरांनी गोळ्या दिल्या, उपयोग झाला नाही. ऊन वाढलं तसं घरात एक गोडसर, मळमळवणारा वास येऊ लागला. पिकून गेलेल्या केळ्यासारखा, पण केळ्याचा नाही. मी सगळी खोली रिकामी करून सारवली, तरी वास जाईना.

एक दिवस विहिरीवर काकूंनी माझं कपाळ पाहिलं. मी फडकं घट्ट बांधलं होतं.

"कवापासून दुखते?"

"होळीपासून, काकू."

त्यांनी दोरी खाली ठेवली आणि चौथ्या खोलीच्या कुलपाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मुनीमही तवाच आला."

वैशाखात दरवर्षी कवेलू फिरवायचं काम असे. फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, म्हणजे पावसात गळत नाही. मंगरू नावाचा माणूस ते करायचा. काकूंनी मुनीमाला आधी सांगितलं. तो पहिल्यांदाच जरा कडक बोलला. "मेरे कमरे के ऊपर हाथ मत लगवाना, माताजी. चूता है तो चूने दो."

भाडेकरू म्हणतो गळू द्या. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. खोलीत शिरायचं नाही हा त्यांचा नेम, आणि आत काहीतरी आहे ही त्यांची खात्री. दुसऱ्या दिवशी मुनीम जीपनं निघून गेल्यावर त्यांनी मंगरूला शिडी लावायला सांगितली. यजमानांनी सहज विचारलं, "काकू, तो नको म्हणाला ना?"

"खोली त्याची हाय मास्तर," काकू म्हणाल्या. "कवेलू माहे."

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. आत चुलीवर वरण शिजत होतं. मंगरूनं चौथ्या खोलीवरची कवेलं उचलली, आत डोकावला आणि तसाच थांबला. मग त्यानं उचललेली कवेलं एकेक करून, आवाज न करता, परत जागेवर ठेवली. खाली आला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. मंगरूनं तरुणपणी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत काम केलेलं होतं, हे आम्हाला माहीत होतं.

"बाई," तो काकूंना म्हणाला, "पैले चूल्हे बुझाओ. सबके."

चौथ्या खोलीत भिंतीला लावून खोकी रचली होती. एक उघडं होतं. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेल्या कांड्या होत्या, दगड फोडायच्या सुरुंगाच्या. उन्हानं त्यांना पाझर फुटला होता, आणि त्याचाच तो गोडसर, डोकं उठवणारा वास होता. ती भिंत माझ्या चुलीची भिंत होती. पलीकडे कांड्या, अलीकडे माझी आग, आणि वर हातभर मोकळी जागा, जिथून ठिणगी आरामात जाऊ शकली असती. मी मुलीला घ्यायला आत गेले.

काकूंनी छातीवर हात ठेवला. पण त्या दिवशी तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. त्या दारोदार गेल्या, रोज सकाळी जायच्या तशाच, आणि तशाच आवाजात म्हणाल्या, "चुलीवर राख टाका, पानी नका टाकू. पोरं घ्या आन् रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली चाला. पळू नका." कंडक्टरची म्हातारी आई विचारत होती, काहून, काहून? काकूंनी तिचा हात धरला. "तिथं सावली हाय म्हनून." माझी चूल विझवायला मात्र त्या स्वतः आत आल्या. न बोलावता. दोन्ही हातांनी राख ओतली, निखारा उरला नाही हे वाकून पाहिलं आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

यजमान सायकल घेऊन ठाण्याकडे गेले. ते परत यायच्या आत जीप आली.

मुनीम उतरला. बरोबर ड्रायव्हर. मुनीमाच्या तोंडात पेटलेली बिडी होती. चिंचेखाली सगळी घरं बसलेली पाहून तो काय ते समजला आणि तडक अंगणाकडे निघाला. काकू फाटकात उभ्या होत्या. आम्ही रस्त्यापलीकडून पाहत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"क्या हुआ माताजी?"

"सामान हालवा."

"अरे, कुछ नहीं होता. पत्थर फोड़ने का मसाला है. बिना टोपी के नहीं फूटता."

"आन् टोप्या कुठं हायेत?"

मुनीमाची नजर चौथ्या खोलीकडे गेली. टोप्याही, म्हणजे कांडी उडवणाऱ्या त्या छोट्या स्फोटक नळ्या, त्याच खोलीत होत्या, खाटेखाली. नंतर कळलं.

मग त्याचा मऊपणा गेला. किराएदाराला असं काढता येत नाही, कोर्टात खेचीन, ठेकेदाराचे हात कुठवर आहेत ते ठाऊक नाही तुम्हाला, असं बरंच बोलला. काकूंचं अंग लटलट कापत होतं. पदर हलत होता तो आम्हाला इतक्या लांबून दिसत होता. "तुमाले काढत नाही," त्या म्हणाल्या. "तुमी राहा. हे नाही राहनार."

"हटिए," म्हणत मुनीम पुढे झाला. त्याच्या ओठांतल्या बिडीचं टोक लाल होतं. काकूंनी हात पुढे केला, त्याच्या तोंडातून बिडी उपटली आणि स्वतःच्या मुठीत चुरडली. एका विधवा बाईनं परक्या पुरुषाच्या ओठांना हात लावला, भर रस्त्यात. मुनीम दोन पावलं मागे गेला. काकूंनी मूठ उघडली नाही. "मले भेव लागते तुमचं," त्या म्हणाल्या. "लई लागते. म्हनूनच हालत नाही इथून."

यजमान आणि एक शिपाई आले, तोवर त्या तशाच उभ्या होत्या. मंगरूनं पोती ओली करून जीपमध्ये अंथरली. टोप्या वेगळ्या काढून दूर नेऊन ठेवल्या. मग तो आणि ड्रायव्हर एकेक खोकं उचलून आणू लागले, नवजात बाळ आणावं तसं. त्या वेळी आमच्यापैकी कोणी खोकलंसुद्धा नाही. एकदा ड्रायव्हरचा पाय उंबऱ्याला अडला. खोकं कललं. मी मुलीचं तोंड छातीत दाबून डोळे मिटले. काहीच झालं नाही, पण ते काहीच न होणं मला आजही अधूनमधून स्वप्नात ऐकू येतं. शिपाई जीपबरोबर गेला. माल खाणीकडच्या पक्क्या बारुदखान्यात उतरवला म्हणून सांगत आला. मुनीमाला कोणी धरलं नाही. तो पुन्हा दिसला नाही.

चौथी खोली काकूंनी धुऊन काढली, शेणानं सारवली आणि कोणाला दिली नाही. विचारायला येणारे पुष्कळ होते. पण त्यांनी स्वतःचं अंथरूण तिथं नेलं आणि अख्खा पावसाळा त्या खोलीत झोपल्या. "माहं डोकं दुखत नाही हे आधी पाहू द्या," म्हणाल्या. भाजलेल्या तळहाताला कंपाउंडर पट्टी बांधायचे. माझं डोकं दुखायचं थांबलं होतं. आम्ही सगळे हळूहळू सावरत होतो.

पाऊस संपत आला तेव्हा बातमी आली. परसवाड्याच्या बाजूच्या एका खेड्यात घर उडालं. पुढची खोली भाड्यानं दिली होती, त्यात खोकी होती. घरमालक जागीच गेला. त्याची बायको धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, होती म्हणून वाचली. भाड्यानं कोणी घेतली होती? कोणी एक मुनीम. फार चांगला बोलायचा म्हणे.

काकू ऐकत होत्या. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. मग मला म्हणाल्या, "माह्यासंगं येता का?"

बसमध्ये त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता. त्या खेड्यात घराची एक भिंत उरली होती. तिच्या सावलीला ती बाई बसली होती. समारो तिचं नाव. माझ्याच वयाची असेल. आधी कधी खोली भाड्यानं दिलेली नव्हती, ही पहिलीच वेळ. "उनने हमारे पाँव छुए," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. काकू तिच्याजवळ मातीत बसल्या. भाजलेला हात तिच्या पाठीवर ठेवला. "मी त्याले माह्या घरातून काढलं बाई," त्या म्हणाल्या. "बाकी कोनाले सांगतलं नाही. माह्या दारातून गेला, तं गेला असं वाटलं." समारोला मराठी कितपत समजलं कोणास ठाऊक. ती काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

त्याच बसनं काकूंनी तिला बालाघाटला आणलं आणि चौथी खोली दिली. काही विचारलं नाही, भाड्याचं नाव काढलं नाही. जावई येऊन बोलले. काकू त्यांना एवढंच म्हणाल्या, "तुमचा शब्द मी एकडाव ठेवला जावाईबापू."

त्यानंतर कामाशिवाय बाजारापलीकडे कधी न जाणारी ही बाई गावभर फिरू लागली. जिथं खोली रिकामी आहे असं कळेल तिथं जाऊन उभी राहायची. म्हणायची, आधी कुठं राहत होता ते विचारा, आन् तिथं जाऊन या. शिफारशीवर देऊ नका, मी दिली. कवेलू फिरवू देत नसन तं समजून जा. गोड बोलते म्हनून घाई करू नका. काही लोक हसायचे, काहींनी दार लावलं. काहींनी पाट दिला आणि ऐकून घेतलं. भित्री बाई दारोदार भीती वाटत फिरते, असं कोणीतरी म्हणालं. काकूंनी ते ऐकलं आणि पुढच्या घरी गेल्या.

समारो आगीच्या जवळ जायची नाही. चूल पेटलेली पाहिली की पदरात तोंड लपवायची. काकू तिचं जेवण ताटात वाढून उंबऱ्याशी ठेवायच्या. असे कितीतरी महिने गेले. एका सकाळी चौथ्या खोलीच्या कवेलूंमधून धूर निघाला. मी किंचाळले. मेश्रामांची बायको मूल उचलून धावली, कंडक्टरची आई भिंतीला धरून बाहेर आली. काकू अंगणात उभ्या होत्या, त्या खोलीकडे तोंड करून. आम्हाला अडवायला त्यांनी दोन्ही हात पसरले होते.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "भाकर टाकून राह्यली."

आणि मग अंगणातच बसून, आम्हा सगळ्यांच्या देखत, त्या रडल्या.

पुढे आमची बदली वारासिवनीला झाली. बऱ्याच वर्षांनी घर बांधायला म्हणून आम्ही बालाघाटला परतलो तेव्हा काकू नव्हत्या. शेवटपर्यंत त्यांचं सगळं समारोनंच केलं होतं. ती त्याच खोलीत होती, केस पिकलेली. बाकीच्या खोल्या काकूंच्या लेकीच्या वतीनं आता तीच सांभाळत होती. तिनं मला चहा दिला आणि शेवटच्या दिवसाचं सांगितलं. काकूंना बोलवत नव्हतं, तरी सारखं एकच विचारत होत्या, तुझे यहाँ डर तो नहीं लगता?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"बोली, नहीं काकू, बिल्कुल नहीं." समारोनं चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं, जाळ कमी केला. "झूठ बोली. पर उनको सोना था न."